व्यक्तिकेंद्रित समुपदेशनात समुपदेशक नेमका करतो काय, आणि तो माणूस कसा असावा लागतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुपदेशनाचा कोर्स करणारी मुलंमुली, शाळेत नव्याने समुपदेशक म्हणून लागलेले लोक, आणि स्वतः सेशनला जावं की नको या विचारात अडकलेली माणसं, या तिघांकडून मला गेली कित्येक वर्षं साधारण हेच प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळं इथे एकत्र ठेवतेय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, फक्त कुणाची ओळख पटेल असं काही होतं ते काढलंय. सलग वाचलं नाही तरी चालेल, एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. व्यक्तिकेंद्रित समुपदेशन म्हणजे काय, एकदम साध्या भाषेत सांगा ना.

आपलं काय दुखतंय आणि त्यातून कुठल्या दिशेने जायचंय हे माणसाला आत कुठेतरी कळत असतं, पण भीती, लाज आणि लोकांच्या अपेक्षा यांच्याखाली ते दबलेलं असतं, असं ही पद्धत मानते. मग समुपदेशकाने काय करायचं, तर असं नातं तयार करायचं की ज्यात समोरचा न घाबरता स्वतःकडे बघू शकेल. पुढची वाट तो स्वतः काढतो.

ही पद्धत मांडणारे कार्ल रॉजर्स लहानपणीची एक आठवण सांगायचे. त्यांच्या घरी हिवाळ्यासाठी बटाटे तळघरात साठवलेले असत आणि खिडकी चांगली काही फूट वर, छोटीशी. तरी त्या बटाट्यांना पांढरे फिकट कोंब फुटायचे आणि ते दोन-दोन तीन-तीन फूट वाढत त्या उजेडाकडे जायचे. वेडेवाकडे, अशक्त, त्यांचं झाड कधी होणार नाही, पण धडपड उजेडाकडेच. पुढे मनोरुग्णालयातली, आयुष्य पार पिळवटून गेलेली माणसं बघताना रॉजर्सना ते कोंब आठवायचे. आपल्या घरातल्या कांदे-बटाट्याच्या टोपलीत तळाशी राहून गेलेला बटाटा सगळ्यांनी पाहिलाय, त्यामुळे मी पण शिकवताना हेच सांगते, लगेच पोचतं.

२. हे रॉजर्स कोण? आणि त्यांना हे सुचलं कसं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, जन्म १९०२ चा, शिकागोजवळचा. आधी शेतकी शिकायला गेले, मग धर्मशास्त्राकडे वळले आणि तिथून मानसशास्त्रात आले. सुरुवातीची जवळजवळ बारा वर्षं त्यांनी रोचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसोबत काम केलं, आणि खरी गोष्ट तिथली आहे.

एका खूप त्रास देणाऱ्या मुलाची आई त्यांच्याकडे यायची. रॉजर्सचं मत असं होतं की आईने मुलाला लहानपणी नाकारलंय, त्यातून हे सगळं झालंय, आणि तिच्या हे लक्षात आणून द्यायला त्यांनी बऱ्याच सेशन घालवल्या. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी सरळ सांगितलं की आपण दोघांनी प्रयत्न केला पण जमत नाहीये, थांबूया. ती हो म्हणाली, दोघांनी हात मिळवले, ती दारापर्यंत गेली आणि मागे वळून तिने विचारलं, तुम्ही इथे मोठ्या माणसांचं समुपदेशन करता का? मग ती परत येऊन बसली आणि तिच्या संसाराचं सगळं बाहेर पडायला लागलं, जे आधीच्या व्यवस्थित केस हिस्टरीत कुठेच नव्हतं. रॉजर्स तिथे शिकले की कुठे दुखतंय हे क्लायंटलाच माहीत असतं, आपण आपली हुशारी दाखवायची नसेल तर त्याच्या मागून चालावं.

११ डिसेंबर १९४० ला मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी ही नवी पद्धत जाहीरपणे मांडली, ती तारीख हिचा जन्मदिवस मानली जाते. आधी नाव नॉन-डायरेक्टिव्ह (म्हणजे दिशा न दाखवणारी) होतं, मग १९५१ च्या पुस्तकापासून क्लायंट-सेंटर्ड, आणि सत्तरच्या दशकात पर्सन-सेंटर्ड, म्हणजेच आपलं व्यक्तिकेंद्रित. १९८७ मध्ये ते गेले.

३. सल्ला द्यायचाच नाही तर समुपदेशक करतो काय? घरचे म्हणतात नुसतं ऐकायला कुणी पैसे देतं का.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला त्याचा राग येत नाही, कारण आपल्याकडे मदत करणं म्हणजे सल्ला देणं असंच आपण लहानपणापासून बघितलंय. पण विचार करा, जो माणूस फी भरून माझ्यासमोर बसलाय त्याला सल्ला मिळालेला नाही असं असेल का? आत्याने दिलाय, ऑफिसमधल्या मित्राने दिलाय, शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवून दिलाय. ते सगळे सल्ले घेऊनच तो येतो, आणि बऱ्याचदा ते पाळता आले नाहीत याची लाज पण सोबत आणतो.

मी काय करते ते सांगते. पन्नास मिनिटं फक्त त्याची असतील, मधे फोन नाही, दार वाजणार नाही, इथलं बाहेर जाणार नाही (अपवाद प्रश्न ७, १३ आणि १४ मध्ये), याची जबाबदारी माझी. तो बोलतो त्याच्या मागे असलेली भावना मी पकडायचा प्रयत्न करते आणि मला जे कळलं ते त्याच्यासमोर ठेवून बरोबर आहे का बघते. तो घाईघाईत ओलांडून गेला त्या शब्दापाशी थांबते. आणि हे चालू असताना माझ्या आत काय चाललंय, मला कुठे त्याला ढकलावंसं वाटतंय, कुठे कंटाळा येतोय, यावर पण लक्ष ठेवते. तासाभराने उठताना मी दमलेली असते. नुसतं बसून राहिल्याने कुणी एवढं दमत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करते, माहिती आणि सल्ला वेगळे. कुणी विचारलं की फॅमिली कोर्टात जायचं तर सुरुवात कुठून करतात, किंवा गोळ्या लिहून कोण देतं, तर मी माहीत असेल ते सरळ सांगते. घटस्फोट घ्यावा का, हे मात्र मी सांगत नाही. आणि ते मनात दडवून ठेवलेलं उत्तर असतं असंही नाही. ते मला खरंच माहीत नसतं.

४. समुपदेशकात कुठले गुण हवेत? परीक्षेला तीन लिहितात, तेवढेच का?

तीन आहेत ते बरोबर: सच्चेपणा म्हणजे आतबाहेर एकच असणं, विनाअट स्वीकार, आणि समानुभूती. पण १९५७ च्या ज्या लेखातून हे आले त्यात रॉजर्सनी अटी सहा सांगितल्यात. पहिली, दोन माणसं एकमेकांच्या मानसिक संपर्कात असली पाहिजेत. दुसरी, क्लायंट आतून विसंगत अवस्थेत आहे, म्हणजे स्वतःबद्दलची कल्पना आणि प्रत्यक्ष अनुभव जुळत नाहीत, आणि अस्वस्थ आहे. मग समुपदेशकाचे हे तीन गुण. आणि सहावी जी सगळे विसरतात, ती अशी की तुमचा स्वीकार आणि तुमची समानुभूती थोडी तरी क्लायंटपर्यंत पोचली पाहिजे.

मला स्वतःला सहावी सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमच्या मनात कितीही माया असू दे, समोरच्याला ती जाणवत नसेल तर त्या खोलीत ती नाहीच. पदवी, वय, हुशारी, निदान करायचं कौशल्य यातलं काहीच त्या सहात नाही, आणि १९५७ मध्ये हे छापणं म्हणजे मोठं धाडस होतं. त्यांचं म्हणणं होतं की या अटी आवश्यक आहेत आणि पुरेशा पण आहेत. 'पुरेशा' वर जे वाद झाले ते १२ आणि १५ मध्ये.

५. समानुभूती म्हणजे सहानुभूतीच ना? उगाच वेगळा शब्द.

नाही हो, आणि हा फरक वाचून कळत नाही, ऐकून कळतो. आमच्या शनिवारच्या सरावगटात घडलेलं सांगते, तिच्या परवानगीने आणि तपशील बदलून. आम्ही तिघातिघांचे गट करतो, एकजण क्लायंट, एकजण समुपदेशक, एकजण बघणारा, आणि क्लायंट झालेल्याने स्वतःचं खरं काहीतरी बोलायचं. एक मुलगी म्हणाली, "आईला बरं नाही म्हणून मी नोकरी सोडून गावी आले. सगळे म्हणतात किती गुणी मुलगी. आणि मला ना ते ऐकलं की कसंतरीच होतं."

तिच्यासमोर तिघांनी आळीपाळीने समुपदेशक होऊन पाहिलं. पहिला म्हणाला, "अगं, आईची सेवा करायला मिळणं हे भाग्यच." ती हसली, मान हलवली, आणि विषय संपला. दुसरी म्हणाली, "बिचारी, किती सहन करतेस गं." मुलीने ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "नाही नाही, एवढं काही नाही." ही सहानुभूती. वाईट नाही, पण ती वरून खाली येते आणि समोरचा आक्रसून जातो. तिसरी जरा थांबली आणि हळू म्हणाली, "गुणी मुलगी म्हणतात... खरं तर कौतुकच, पण ते ऐकलं की आत कसंतरीच होतं." मुलगी गप्प. मग म्हणाली, "ते कौतुक नाहीये. बाहेरून कडी लावल्यासारखं वाटतं. आता मी परत जाते म्हटलं की मी वाईट."

तिसरीने काय केलं बघा, तिचा 'कसंतरीच' हा शब्द तसाच ठेवला. त्याचं 'म्हणजे तुला राग येतो' असं भाषांतर करायची घाई केली नाही. मराठीत माणसं भावना शरीरातून सांगतात, पोटात गोळा येतो, जीव घाबरा होतो, डोकं सटकतं, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. हे शब्द पुस्तकी भावनांच्या यादीपेक्षा कितीतरी नेमके असतात, त्यांना हात लावू नका.

रॉजर्सची एक खूण लक्षात ठेवा. दुसऱ्याचं आतलं जग जणू आपलंच असल्यासारखं अनुभवायचं, पण तो 'जणू' सुटू द्यायचा नाही. सुटला की तुम्ही पण बुडालात आणि त्याला धरायला काठावर कुणी उरलं नाही.

६. म्हणजे क्लायंटचं शेवटचं वाक्य परत म्हणायचं, एवढंच? आमच्या कॉलेजमध्ये असंच शिकवतात.

तसं शिकवलं जातं खरं आणि त्याने ही पद्धत बदनाम झालीय. स्वतः रॉजर्सना या नकलेचा त्रास व्हायचा. अगदी शेवटी, १९८६ मध्ये त्यांनी लिहिलं की मी 'भावना परावर्तित' वगैरे करत नसतो, क्लायंटचं जग मला बरोबर कळलंय का हे मी तपासत असतो. यात तुमच्या वाक्याचा सूरच बदलतो. पहिल्यात तुम्ही आरसा असता, दुसऱ्यात तुम्ही माणूस असता ज्याला खरंच समजून घ्यायचंय आणि जो चुकू शकतो.

ओळखायचं कसं? तुम्ही बोललात आणि क्लायंट म्हणाला, "हो, आणि..." म्हणजे तुम्ही त्याच्यासोबत आहात. "हो" म्हणून थांबला तर कदाचित तुम्ही नुसती पोपटपंची केलीत. "नाही, तसं नाही, म्हणजे..." असं म्हणाला तर उत्तम, कारण तुम्हाला दुरुस्त करायची हिंमत त्याला वाटली.

७. विनाअट स्वीकार म्हणजे बायकोवर हात उचलणाऱ्याला पण बरोबर म्हणायचं का?

नाही. स्वीकार माणसाचा, कृत्याला मान्यता नाही. बोलायला सोपं आहे हे आणि समोर तो माणूस बसलेला असताना अतिशय अवघड आहे.

आपण बहुतेकजण अटींवर वाढलोय. चांगले मार्क पडले तर शहाणं बाळ, रडला नाहीस तर शूर, पाहुण्यांसमोर गाणं म्हटलंस तर गोड. रॉजर्स याला स्व-मूल्याच्या अटी म्हणतात. त्या पाळता पाळता माणूस स्वतःतला जो भाग चालत नाही तो स्वतःपासूनच लपवायला शिकतो. मारणारा माणूस पण 'ती मला चिडवते म्हणून' या वाक्यामागे काहीतरी लपवत असतो, आणि जोवर त्याला वाटतंय की इथे पण मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारेत, तोवर तो त्या वाक्याच्या बाहेर येत नाही. मी त्याला एक माणूस म्हणून किंमत देते म्हणून तो एखाद दिवशी "त्या क्षणी मला भीती वाटली होती" इथपर्यंत येऊ शकतो. बदल झाला तर तिथून पुढे होतो.

पण घरात आज कुणाच्या जिवाला धोका असेल तर त्या धोक्यातल्या व्यक्तीची सुरक्षा आधी, तिथे मी स्वीकाराचं कारण देऊन गप्प बसत नाही. लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची गोष्ट कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. हे मी पहिल्याच सेशनला सांगते, म्हणजे नंतर विश्वासघात वाटत नाही.

८. सच्चेपणा म्हणजे मनात येईल ते क्लायंटला बोलून टाकायचं?

आधी स्वतःला कळणं, मग गरज असेल तर बोलणं, हा क्रम. सच्चेपणाचा मोठा भाग मूकच असतो. मला आत्ता कंटाळा आलाय हे मी स्वतःपासून लपवत नाही, एवढ्यानेच माझा चेहरा खोटं बोलायचा थांबतो. बोलायचं कधी, तर ती भावना परत परत येत असेल आणि या नात्याच्या आड येत असेल तेव्हा. मी एकदा एका क्लायंटला म्हटलं होतं, "तुम्ही खूप काही सांगताय, पण मला तुमच्यापर्यंत पोचता येत नाहीये असं गेले दोन-तीन वेळा वाटतंय." तो म्हणाला, माझी बायको हेच म्हणते. आणि तिथून तो त्या नात्याबद्दल पहिल्यांदा बोलला.

नव्या समुपदेशकांना एक कळकळीने सांगते. तो 'समुपदेशकी आवाज' सोडा, मऊ, हळू, प्रत्येक वाक्याच्या शेवटी लांबवलेला "हंऽऽ". तुम्ही घरी तसं बोलत नाही हे समोरच्याला लगेच कळतं.

९. हे गुण जन्मजात असतात की शिकता येतात? माझा स्वभाव तापट आहे, मी होऊ शकेन का समुपदेशक?

होऊ शकाल. तापट माणसाला निदान आपल्याला राग येतो हे माहीत असतं. मला काळजी वाटते ती "मला कधी रागच येत नाही" म्हणणाऱ्यांची.

हे गुण तंत्रासारखे शिकता येत नाहीत पण वाढवता नक्की येतात. स्वतः क्लायंट म्हणून काही महिने बसा, दुसरा उपाय नाही, कारण आपलं ऐकलं जाणं कसं असतं हे माहीत नसेल तर आपण काय देणार. अनुभवी माणसाचं सुपरव्हिजन नियमित घ्या, म्हणजे आपलं काम त्यांच्यासमोर ठेवून मार्गदर्शन घ्या. आणि परवानगी घेऊन स्वतःच्या सेशन रेकॉर्ड करून ऐका. हे रॉजर्सनी सुरू केलं, तेही आजच्यासारखा फोन नसताना, तबकड्यांवर, ज्या काही मिनिटांत भरायच्या आणि बदलायला लागायच्या. त्यातूनच १९४२ च्या पुस्तकात त्यांनी एका क्लायंटच्या आठही सेशन शब्दशः छापल्या. तोवर बंद दाराआड काय चालतं हे बाहेर कुणाला कळायचं नाही, थेरपिस्ट आठवून लिहील तेच खरं.

माझं पहिलं रेकॉर्डिंग मी ऐकलं तेव्हा पन्नास मिनिटांत माझे एकतीस प्रश्न होते. ती बाई तिच्या सासूबद्दल काहीतरी सांगायला लागायची आणि मी विचारायचे, मग तुम्ही काय केलंत? तिने चार वेळा सुरुवात केली होती. पाचव्यांदा केली नाही. ती टेप मला अजून आठवते.

१०. क्लायंट मला ताई म्हणतो, चालेल का? आणि मी अहो-जाहो करायचं की अरे-तुरे?

परदेशी पुस्तकांत याचं उत्तर मिळत नाही कारण तिथे सरळ नावाने हाक मारतात. आपल्याकडे 'मॅडम' म्हटलं की मी खुर्चीवर आणि तो खाली, 'ताई' म्हटलं की नातं जवळ येतं पण ताईने रागवायचा आणि ताईला वाईट वाटू नये म्हणून खरं लपवायचा हक्कही सोबत येतो. मी बंदी घालत नाही. माणसाला जी हाक सोपी वाटते ती त्याची, मी फक्त कान उघडे ठेवते. एक मुलगा सहा महिने मॅडम म्हणत होता आणि ज्या दिवशी वडिलांबद्दल बोलला त्या दिवशी ताई म्हणाला, ते मी मनात टिपून ठेवलं, बोलले नाही.

माझ्या बाजूने, मोठ्या माणसांना तुम्हीच, मग ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान का असेनात. कॉलेजची मुलं बऱ्याचदा म्हणतात तू म्हणा, तुम्हीने परकं वाटतं, तर मग तू. पण त्यांनी म्हटल्यावर. आणि घरकाम करणाऱ्या बाईला तू आणि तिच्या मालकिणीला तुम्ही असं आपोआप तोंडातून जात असेल तर विनाअट स्वीकाराची परीक्षा तिथेच झाली.

११. क्लायंट गप्पच बसला तर? पाच मिनिटांत माझ्या हातापायाला घाम फुटतो.

घाम फुटतोय तो तुम्हाला. त्याला कदाचित ती शांतता हवी असेल. आधी ती शांतता कसली आहे ते बघा, शोधणारी, रुसलेली, घाबरलेली की नुसतं दमलेली.

रॉजर्सनी विस्कॉन्सिनमध्ये मनोरुग्णालयातल्या एका तरुणासोबत काम केलं, त्याच्या दोन सेशन छापलेल्या आहेत. त्यात तासातला बराच वेळ शांतताच आहे, काही काही शांतता तर कित्येक मिनिटं लांब. रॉजर्स मधेच थोडं बोलतात, तो काही बोलत नाही, ते परत थांबतात. तो तरुण म्हणत होता की मी कुणाच्याच कामाचा नाही आणि मला मरायचंय. रॉजर्सनी त्याला सांगितलं की तू स्वतःला किंमत देत नसशील, पण मला तुझी काळजी आहे. तो हमसून हमसून रडला. ती शांतता आधी झाली नसती तर हे वाक्य तोंडदेखलं वाटलं असतं.

तुम्ही मात्र नवीन आहात तर क्लायंटला सांगून ठेवा की इथे गप्प बसलं तरी चालतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसोबत लांब शांतता शिक्षा वाटू शकते, तिथे चित्रं, माती, चालत बोलणं काहीही वापरा.

१२. आम्ही तर विवेकनिष्ठ पद्धत शिकलोय, त्यात चुकीचे विचार पकडून खोडायचे असतात. मग दोन्ही बरोबर कसं?

महाराष्ट्रात हा प्रश्न येणारच, कारण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं आरईबीटी, म्हणजे हीच विवेकनिष्ठ पद्धत, डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीत इतकं मन लावून रुजवलं की अनेकांना समुपदेशन म्हणजे तेच वाटतं. दोघांचा वाद जुना आहे. रॉजर्सच्या लेखानंतर दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये एलिसनी लिहिलं की या अटी आवश्यकही नाहीत आणि पुरेशाही नाहीत. १९६५ ला आलेल्या एका फिल्ममध्ये ग्लोरिया नावाची एकच बाई रॉजर्स, गेस्टाल्ट थेरपीचे फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस या तिघा थेरपिस्टशी बोलते, ते बघा म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. ती रॉजर्सना विचारते की घटस्फोटानंतरच्या माझ्या संबंधांबद्दल मुलीशी खोटं बोलू का. त्यांनी उत्तर दिलं नाही. पण उत्तर द्यायचं टाळलं असंही तिला वाटू दिलं नाही, तिच्या कोंडीत तिच्यासोबत थांबले.

माझं मत विचाराल तर एलिसच्या पद्धतीत समुपदेशक शिक्षक असतो, इथे सोबती असतो. काहींना शिक्षक हवा असतो आणि तो मिळावा. पण ज्याला आयुष्यभर "तुझा विचारच चुकीचा आहे" हेच ऐकायला मिळालंय, त्याच्याशी सुरुवात कुठून करायची हा प्रश्न मी स्वतःला विचारते.

१३. आई-वडील फी भरतात आणि मुलगा काय बोलला ते फोन करून विचारतात. काय सांगायचं?

सांगायचं नाही. पण पालकांना तोडून बोलायचं पण नाही, त्यांना भीती वाटत असते. मी म्हणते, "तुमची काळजी मला कळतेय. तो इथे जे बोलतो ते त्याचं आहे, ते मी बाहेर नेलं तर तो बोलायचा थांबेल. त्याच्या जिवाला धोका वाटला तर मी तुम्हाला नक्की कळवीन, आणि हे त्यालाही माहीत आहे." आणि फोन येऊन गेला हे मी मुलाला पुढच्या सेशनला सांगते. प्रश्न ८ चा सच्चेपणा इथे लागतो. नवरा, सासू, एचआर, मुख्याध्यापक, सगळ्यांना हेच.

१४. क्लायंट मरायचं बोलला तर? तेव्हा पण मागून चालायचं?

तेव्हा सरळ विचारायचं. "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का? कसा, कधी, काही ठरवलंय का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट कुणीतरी ऐकू शकतंय याने माणूस सैल होतो. ठरलेला बेत आणि हाताशी साधन असेल तर एकटं सोडायचं नाही, त्याला सांगून घरच्यांना आणि मनोविकारतज्ज्ञांना सोबत घ्यायचं. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास फुकट चालतो, मराठीत बोलता येतं. लोक पोलिसांना घाबरतात म्हणून हेही सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, शिक्षेचा विषय नाही.

आणि हे सगळं करताना समानुभूती बाजूला पडत नाही. फॉर्म भरल्यासारखे प्रश्न विचारलेत तर तो "नाही" म्हणेल आणि निघून जाईल.

१५. ही पद्धत कुणाला पुरत नाही?

भास-भ्रम जोरात असतील, मूड अतिशय चढलेला असेल, दारू एकदम सोडल्याने अंगाला कंप सुटला असेल, तर आधी डॉक्टर. ओसीडीसाठी (तेच विचार, त्याच कृती परत परत होत राहण्याचा आजार) वेगळे वर्तनोपचार आहेत, ते मिळू शकत असताना मी एकटी धरून बसणार नाही. रॉजर्सच्या विस्कॉन्सिनमधल्या प्रयोगातसुद्धा (प्रश्न ११ मधला तरुण तिथलाच) स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांमध्ये एकूण फरक फारसा दिसला नव्हता, जिथे थेरपिस्टची समानुभूती जास्त होती तिथेच निकाल बरे होते.

डिप्रेशनबद्दल इंग्लंडमधल्या शेफिल्डचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात व्यक्तिकेंद्रित-अनुभवात्मक थेरपी आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) समोरासमोर होत्या. सहा महिन्यांनी ही थेरपी सीबीटीपेक्षा कमी पडली नाही, पण वर्षाने सीबीटी थोडी पुढे होती. हे आपल्या बाजूच्या लोकांनी पण पूर्ण सांगावं, अर्धं नाही.

१६. मला एक क्लायंट अजिबात आवडत नाही. खोटं हसू की सोडून देऊ?

आधी सुपरव्हिजनला न्या. नव्वद टक्के वेळा तो कुणाचीतरी आठवण करून देत असतो. माझ्या बाबतीत एक गृहस्थ होते, बोलताना बोट नाचवायचे, आणि मला आतून आखडायला व्हायचं, ते बोट माझ्या शाळेतल्या एका शिक्षकांचं होतं हे कळायला तीन आठवडे लागले. कळल्यावर गृहस्थ वेगळे दिसायला लागले. तरीही नाहीच जमलं तर दुसऱ्या समुपदेशकाचं नाव सुचवा, आणि कारण सांगताना म्हणा की माझ्याकडून तुम्हाला हवं तसं होत नाहीये, दोष त्याच्यावर टाकू नका. तुमच्याच घरी काही मोठं घडलेलं असताना पण हेच, काही दिवस कमी क्लायंट घ्या.

१७. मी समुपदेशक नाही, क्लायंट आहे. माझा समुपदेशक बरा आहे हे कसं ओळखू?

शिक्षण विचारा, हा तुमचा हक्क आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याचं कुणी सांगत असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेची नोंदणी असते. मग तीन-चार सेशननंतर स्वतःला विचारा की तिथे जाताना मी बोलायचं ठरवून, गुळगुळीत करून नेतो का? तिथे मला न पटलेलं बोलता येतं का? पहिले काही दिवस सेशननंतर जास्त अस्वस्थ वाटू शकतं, तो वाईट समुपदेशनाचा पुरावा नाही. पण लहान झाल्यासारखं, चुकल्यासारखं वाटत असेल तर ते त्यांना सेशनमध्येच सांगून बघा. "मागच्या वेळी तुम्ही हसलात ते मला लागलं" असं म्हणा आणि ते कसं ऐकतात बघा. चांगला समुपदेशक थांबतो, नेमकं काय लागलं ते विचारतो, आणि स्वतःचं चुकलं असेल तर चुकलं म्हणतो.

ते चिडले, किंवा तुम्हीच जास्त सेन्सिटिव्ह आहात असं म्हणाले, तर दुसरं कुणीतरी शोधा. पुढच्या सेशनचे पैसे आगाऊ भरले असतील तर ते परत मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.